हिलाल आप्पांच्या लाळेतले पहारेकरी

आमच्या गल्लीत हिलाल आप्पांबद्दल एक बोलवा आहे. लहानपणी गावाकडे त्यांना नाग चावला, आप्पांना काही झालं नाही, उलट नागच तडफडून मेला, आणि तेव्हापासून त्यांच्या थुंकीत औषध उतरलं. ही गोष्ट सुरतेच्या लिंबायतमधला प्रत्येक जण आपापल्या चालीवर सांगतो. परभणीच्या शोभाकाकू सांगतात तेव्हा नाग हातभर असतो आणि शेवटी त्या "आता बोला" म्हणून पदर झटकतात. आप्पांच्याच कापडाच्या कारखान्यात माग चालवणारा दगा सांगतो तेव्हा तोच नाग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचतो. मधेच तो "खोटं वाटस का तुले?" असं विचारून थांबतो, कारण त्याला बिडी पेटवायची असते. मला दोघांच्याही चाली येतात. दगाची बिडीसकट येते.

खरं म्हणजे आप्पांना नाग कधी चावलाच नाही. मी त्यांनाच विचारलं होतं. ते खूप वेळ आठवत बसले आणि म्हणाले, "गांधीलमाशी चावनी व्हती एकदाव. गाल असा फुगना, माय वळखे नही." थुंकीची कीर्ती झाली ती सुरतेत आल्यावर. दगाच्या मानेवर केसतूड झालं होतं, ठणकत होतं. आप्पांनी सकाळी उठल्या उठल्या गमतीने त्यावर बोटाने थुंकी लावली आणि दुसऱ्या दिवशी ते फुटलं. ते इतकं पिकलेलं होतं की टॉवेल लागला असता तरी फुटलं असतं. पण दगाने ते गल्लीभर केलं, आणि गांधीलमाशीचा नाग कुणी केला ते अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून आप्पांच्या दारात सकाळी बायका पोरं घेऊन उभ्या राहायच्या. कुणाला फोड, कुणाला रांजणवाडी, कुणाला नायटा. थुंकी शिळी पाहिजे, म्हणजे झोपून उठल्यावर चूळ भरायच्या आधीची, आणि ती लावेपर्यंत बोलायचं नाही असा नियम. त्यामुळे आप्पा तोंड मिटून बाहेर यायचे आणि सगळा कारभार हुंकारावर चालायचा. वर जाणारा हुंकार म्हणजे कुठे झालंय, सपाट हुंकार म्हणजे मान वळव, आणि खाली पडणारा हुंकार म्हणजे झालं, जा आता. मी हे तिन्ही इतके चांगले काढते की एकदा आप्पांची सून जयश्रीवहिनी आतून "आले आप्पा, चहा ठेवते" म्हणाली होती. आप्पा मला मैना म्हणतात. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे माझी तालीम फुकटात होते.

आप्पा उधन्याच्या एका जुन्या खात्यात माग चालवतात. खातं म्हणजे मागांचा कारखाना. बाकीच्यांनी जुने माग मोडून कडोदऱ्याला आणि पलसाण्याला नवे बसवले, त्यांत धोटा नसतो. आप्पांच्या शेठचे माग मात्र अजून धोट्याचेच आहेत. धोटा म्हणजे लाकडाची छोटी होडीच, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. आत सुताची कांडी बसते, कुशीला बारीक भोक असतं. कांडी बदलली की नवीन सूत त्या भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी तारेचा आकडा असतो, पण तो कधी जागेवर नसतो. तोंड कायम जागेवर असतं. मागवाला भोकाला ओठ लावतो, आत श्वास ओढतो, सूत जिभेवर येतं. चुप. मागांच्या त्या धडधडाटातही हा आवाज जवळ उभं राहिलं की ऐकू येतो. दिवसपाळीला आप्पा चुप करतात, रातपाळीला दगा. धोटे तेच.

आता ललितचं सांगते. ललित आप्पांचा नातू, सात वर्षांचा. त्याचा बाप हजिऱ्याला कंपनीत कंत्राटावर आहे, सुट्टीलाच घरी येतो. घरात ललित, साडीवर खडे चिकटवण्याचं काम करणारी त्याची आई जयश्रीवहिनी आणि आप्पा एवढेच. ललित बोलतो थेट आप्पांसारखं, अहिराणी हेल काढून. शाळेत गुजराती पोरं त्याला हसतात तर तो त्यांनाच हेल शिकवतो. आप्पा आणि तो एका ताटात जेवायचे. आप्पा घास चावून मऊ करून त्याला द्यायचे ही सवय तो लहान होता तेव्हाची, पण मोठा झाल्यावरही कधीमधी चालायची.

दिवाळीनंतर त्याचा घसा धरला. ताप आला. आप्पांनी रोज सकाळी त्याच्या जबड्याखाली थुंकी लावली. काही दिवसांत घसा उतरला आणि गल्लीत नागाची गोष्ट पुन्हा एकदा फिरली. मग काही आठवड्यांनी त्याचा गुडघा सुजला. हात लावला तर गरम. तो उतरला आणि घोटा धरला. तो उतरला आणि कोपर. दुखणं अंगात घर बदलत फिरत होतं. "वाढीचं आहे," असं सगळ्यांनी सांगितलं. आप्पांनी गुडघ्यालाही थुंकी लावली. मग एके दिवशी ललित शाळेतून आला आणि जिन्यात अर्ध्यावर बसून राहिला. वहिनीने वरून हाक मारली तर म्हणाला, "थांब ना वं, दम लागस."

दवाखान्यात मी बरोबर गेले होते, कारण तिथे गुजराती बोलावं लागतं आणि वहिनी घाबरली की तिला मराठीही सुचत नाही. मुलांच्या डॉक्टरबाईंनी ललितच्या छातीवर नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. बोलण्यात मऊ होत्या. प्रत्येक वाक्य "जुओ बेन", बघा ताई, असं म्हणून सुरू करायच्या. एरवी मी ती लकब घरी येईपर्यंत तोंडात घोळवली असती. त्या दिवशी ती तोंडात आलीच नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. घशात एक जंतू बसला होता. त्याच्याशी लढायला ललितच्या शरीराने हत्यारं तयार केली आणि ती हत्यारं चुकून त्याच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालली. हृदयाची एक झडप थोडी गळते आहे. थोडीच. पण तोच जंतू पुन्हा घशात बसला तर पुन्हा तेच होईल आणि गळती वाढेल. दर तीन आठवड्यांनी सुई घ्यायची, कित्येक वर्षं. आणि घरातल्या कुणाच्या घशात तो जंतू असता कामा नये. सगळ्यांचे घसे तपासायचे. "जुओ बेन," त्या शेवटी वहिनीलाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाल्या, "जिसके गले में है, उसको खुद को कुछ नहीं होता कभी कभी. वो घूमता फिरता है, काम पर जाता है."

आप्पाही आमच्याबरोबर आले होते, दारात उभे होते. मी वळून पाहिलं तर त्यांनी तोंड मिटलं होतं, सकाळी बायकांसमोर मिटायचे तसं, पण हुंकार नव्हता.

त्या दिवसापासून आप्पांच्या घरातला आवाज बदलला. मी भिंतीपलीकडून ऐकते म्हणून सांगते. आधी ललितची आणि आप्पांची सारखी बडबड चालायची, आता ललित एकटाच बोलायचा. आप्पांनी तोंडावर पंचा बांधला. गॅलरीत चटई टाकून तिथेच झोपायला लागले. ताट घेऊन नळापाशी बसून जेवायचे. ललितने काही विचारलं की मान हलवायचे.

"आप्पा, तुम्हनी दाढ दुखस का?" ललितने विचारलं.

मान डावीकडे, उजवीकडे.

"मग माझ्यावर रागावलात?"

मान जोरात डावीकडे, उजवीकडे.

"मग बोला ना."

आप्पा उठून खाली गेले. जिन्यात मला दिसले तेव्हा पंचा ओला झाला होता. मी विचारलं, "आप्पा, जेवलात का?" तर एवढंच म्हणाले, "माले भेव वाटस वं मैना." आप्पांना मी आधी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मागाचा पट्टा तुटून दगाच्या कानाजवळून गेला होता तेव्हासुद्धा ते म्हणाले होते, कान शे ना, मग चालू कर.

 एकदा मी साखर मागायला गेले तर जयश्रीवहिनी आप्पांचा पेला चिमट्याने धरून उकळत्या पाण्यात बुडवत होती. मला बघून तिने चिमटा मागे लपवला. मग परत पुढे काढला.

"अशी बघू नको," ती म्हणाली. "मी काय करू ते तू सांग."

 मी साखर न घेता परत आले.

घसे तपासायला अक्षयभाई आले. ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लाळेवर संशोधन करतात, आणि डॉक्टरबाईंनीच त्यांना पाठवलं होतं. अस्सल सुरती माणूस. हिंदी बोलतात तेही गुजराती चालीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज थोडा वर टांगून ठेवतात, की समोरच्याने हो म्हणावं. कापूस लावलेल्या काडीने त्यांनी वहिनीचा घसा पुसला, माझा पुसला, कारण मी अर्धी त्यांच्याच घरी जेवते. मग आप्पांना म्हणाले, "काका, मोढुं खोलो." आप्पांनी पंचा सोडला, तोंड उघडलं, आणि काडी टाळूला लागताच ओकारी काढली. "बस बस, थई गयुं. टेन्शन नहीं लेने का ने?"

मग त्यांनी एक छोटी नळी पुढे केली. त्यांच्या अभ्यासासाठी थोडी लाळ हवी होती. आप्पा आत गेले आणि स्टीलची वाटी घेऊन आले, वर झाकण. थुंकी मागायला माणूस येणार हे त्यांना आधी कळलं होतं, म्हणून सकाळी चूळ भरायच्या आधीचीच त्यांनी जमवून ठेवली होती. माल चांगला द्यायचा म्हणून. अक्षयभाईंनी झाकण उचललं आणि आवाज खरोखरच वर टांगलेला राहिला. मला हसू फुटलं. वहिनीलाही फुटलं, कित्येक दिवसांनी. आप्पांना मात्र काय चुकलं ते कळेना.

"आम्ही देतो लोकांना," ते म्हणाले. "सांगा ना साहेब, औषध आहे का नाही यात?"

"है काका. पण सबके थूक में है." अक्षयभाईंनी वाटी हळूच बाजूला सरकवली आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. "दिखाता हूँ ने."

पडद्यावर आधी मला रंगीत सुताचा गुंता दिसला. निळी, हिरवी, पिवळी रिबीन पिळे घेत फिरलेली. अक्षयभाईंनी तो गुंता बोटाने फिरवला आणि त्याला आकार आला. दोन माणसं पाठीला पाठ लावून बांधलेली, कमरेत जरा वाकलेली, आणि दोघांचे मिळून चार हात बाहेर पसरलेले.   दोघांच्या पायांमधे एक छोटा तुकडा, त्यांना जोडून ठेवणारा. आणि दोघांभोवती वरून एक लांब पट्टा गुंडाळलेला. तो पट्टा यासाठी की तोंडात, पोटात, जिथे सगळं चावलं जातं, विरघळवलं जातं, तिथे हा पहारेकरी, अक्षयभाईंनी त्याला हेच नाव दिलं, टिकावा. असे पहारेकरी आपल्या लाळेत असंख्य असतात. आईच्या दुधात असतात, डोळ्यांच्या पाण्यात असतात. जंतू आला की हातांनी त्याला धरायचं आणि भिंतीला चिकटू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. हे चित्र परदेशातल्या लोकांनी काढलेलं. नमुना एका झटक्यात गोठवतात, त्यावर किरण सोडून हजारो छाया घेतात आणि त्या जुळवत बसतात.

"मग चांगलं आहे की," आप्पा म्हणाले. त्यांनी पंचा मांडीवर ठेवला होता. बऱ्याच दिवसांनी त्यांचं पूर्ण तोंड दिसलं.

अक्षयभाईंनी दुसरं चित्र लावलं. त्यात तोच पहारेकरी होता, पण कमरेपाशी एक लांब काटकी आत शिरलेली. नीट पाहिलं तर ती दोन धाग्यांना पीळ देऊन केलेली होती.

"हे काय?"

"बाल है. जंतू का बाल. गले वाला जंतू, उसके बदन पे ऐसे बाल होते हैं."

"पीळ दिलेला आहे," आप्पा म्हणाले.

"हां. और देखो ने, किधर पकडा है."

जंतूने पहारेकऱ्याचे हात धरलेच नव्हते. त्याने कमर धरली होती. ज्या जागी शरीराच्या लढाऊ पेशी पहारेकऱ्याला हात लावून विचारतात की काय सापडलं, नेमकी तीच जागा. तिथे जंतूचा केस आधीच बसला तर पेशींना हात लावायला जागाच उरत नाही. हाक पोचत नाही.

आप्पा पडद्याकडे बघत राहिले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "म्हणजे पहारेकरी उभा आहे."

"हां."

"हात मोकळे आहेत."

"हां."

"बाहेरून बघितलं तर वाटेल, पहारा चालू आहे."

अक्षयभाईंचा आवाज या वेळी वर टांगला नाही. ते म्हणाले की सगळेच जंतू असं करत नाहीत, काही जातीच करतात, आणि ही त्यांच्या अनेक युक्त्यांतली एक आहे. तुमच्या घशात काही आहे की नाही तेही अजून माहीत नाही. घाबरायचं नाही.

"आणि एवढं धरून तो करतो काय?"

"कभी बीमार करता है. कभी कुछ नहीं, काका. बैठा रहता है."

बैठा रहता है. हे शब्द मी त्यांच्या चालीत, वहिनीच्या चालीत, कुणाच्याही चालीत म्हणून पाहिले.  त्या रात्री जिभेने मी माझीच टाळू चाचपत होते.

घशाचा निकाल यायला काही दिवस लागणार होते. ते दिवस आम्ही सगळे कसे तरी बसून काढत होतो. ललित जरा खोकला की भिंतीच्या दोन्ही बाजूंना भांडी वाजायची थांबायची. वहिनी त्याचं तोंड उघडून मोबाईलचा उजेड पाडायची. तो म्हणायचा, "पाणी गये वं नाकमा," आणि मग पुन्हा भांडी सुरू व्हायची.

आप्पांनी तारेचा आकडा दोरीने करगोट्याला बांधला. डबा द्यायला मी खात्यात गेले तेव्हा पाहिलं. कांडी संपली, माग थांबला, आप्पांनी नवीन कांडी बसवली, हात आकड्याकडे गेला. आणि हात पोचायच्या आत मान खाली आली, ओठ भोकाला लागले. चुप. ते तसेच थांबले. मग धोटा छातीशी धरून जमिनीवर बसले. शेजारचे माग धडधडत होते.

दगा पाळी बदलायला आला होता. "काय रे हिलाल, इख चाखी लिधं का?" इख म्हणजे विष. तो हसत होता.

आप्पांनी त्याला सांगितलं. धोट्याबद्दल, जंतूबद्दल, ललितबद्दल. कमरेला धरलेल्या पहारेकऱ्याबद्दलही सांगितलं, पण मागांच्या आवाजात दगाला त्यातलं निम्मंच ऐकू गेलं असावं.

"तुन्हा थुंकमा जंतू?" दगा म्हणाला. "अरे तुन्ही थुंक ते औषध शे. मन्ही मान इचार." आणि तो आणखी मोठ्याने हसला. पण आप्पा हात धुवायला गेले तेव्हा मी पाहिलं. दगाने तो धोटा उचलला, इकडे तिकडे बघितलं आणि बनियनला पुसला. मग पुन्हा पुसला.

सगळ्यात अवघड झालं ते शोभाकाकूंचं. त्या धाकट्या नातीला घेऊन सकाळी आल्या, तिच्या हनुवटीवर फोड. आप्पा गॅलरीत पंचा बांधून बसले होते.

"आप्पा, लावा हो जरा. रात्रभर झोपलं नाही लेकरू."

आप्पांनी मान हलवली.

"नाही म्हणजे? आता काय फी लावायलात का?"

"दवाखान्यात न्या," आप्पा पंच्याआडून म्हणाले.

"दवाखान्यात कशाला. इतकी वर्षं लावली ती काय खोटी होती?"

आप्पांनी पंचा खाली ओढला. "माझ्या तोंडात जंतू असेल. ललितचं काळीज त्यानेच... नका आणू पोरांना. कुणाला सांगायचं तर सांगा."

शोभाकाकू मागे सरकल्या. पोरीला कडेवर घेतलं. मला वाटलं आता त्या नागाबद्दल काहीतरी बोलतील. पण त्या जिन्यात थांबून म्हणाल्या, "माझ्या थोरल्या नातीला लावली होती हो तुम्ही. मागच्या महिन्यात. गळ्यालाच."

"आठवते," आप्पा म्हणाले.

"तिला काही होतंय का मग?"

आप्पांनी पंचा पुन्हा वर ओढला.  शोभाकाकू जिना उतरून गेल्या, त्यांच्या चपलांचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. दुसऱ्या सकाळी दारात कुणी नव्हतं. मग त्याच स्वतः आल्या, थोरलीला घेऊन, अक्षयभाई पुन्हा कधी येणार ते विचारायला. त्याच दुपारी अक्षयभाई येऊन तिचाही घसा पुसून गेले.

निकालाच्या आदल्या संध्याकाळी आप्पा आणि मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. म्हणजे मी पायरीवर, आप्पा चार पायऱ्या खाली. आत ललित पाढे म्हणत होता, हेल काढून. आप्पा प्रत्येक ओळीला थांबून ऐकत होते, मधे श्वास घेतो का, दम लागतो का.

"आप्पा, तुमच्यात काही निघणार नाही," मी म्हणाले. "तुम्हाला साधा खोकलासुद्धा होत नाही."

"म्हणूनच," आप्पा म्हणाले.

"नाही निघणार. मी सांगते."

"लाव पैज."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते माझ्याकडे बघत होते, पंच्याच्या वरून. "मना घसामाच शे तो," ते म्हणाले. "तू म्हणतेस नाही. लाव पैज."

"कशाची?"

"लोचोची. कोपऱ्यावरचा. गरम."

लोचो म्हणजे चण्याच्या डाळीचा वाफवलेला, ढोकळ्याहून मऊ सुरती खाऊ. मी हो म्हणाले. मला ती पैज जिंकायची होती. इतकी जिंकायची होती की आत आल्यावर मी देवापुढे उभी राहिले, आणि लोचोसाठी देवाला काय सांगायचं ते न कळून परत आले.

अक्षयभाई दुसऱ्या दिवशी दुपारी आले.  मी साफ. जयश्रीवहिनी साफ. शोभाकाकूंची थोरली साफ. आप्पांच्या घशात तोच जंतू.

वहिनीने ललितला उचलून मांडीवर घेतलं. सात वर्षांच्या पोराचे पाय जमिनीला टेकत होते तरी.

आप्पांनी एकच गोष्ट विचारली. "साहेब, माझ्याकडून त्याला गेला का त्याच्याकडून मला आला?"

 "नहीं बोल सकते, काका. जंतू टिकट ले के नहीं घूमता. दोनों तरफ से हो सकता है." मग त्यांनी गोळ्या काढल्या. रोज घ्यायच्या, मधे सोडायच्या नाहीत, संपल्यावर पुन्हा घसा तपासायचा. दगालाही तपासायचं. "निकल जाता है ज्यादातर."

"जास्त करून," आप्पा म्हणाले.

"ज्यादातर," अक्षयभाई म्हणाले.

मी कोपऱ्यावरून लोचो आणला. वर तेल, शेव, चटणी वेगळी. कागदातून हाताला चटके बसत होते. आप्पा गॅलरीत बसले होते आणि पहिली गोळी घेऊन झाली होती. मला इतकी भीती वाटत होती की मी पुडा त्यांच्यापुढे ठेवला आणि रडायलाच लागले. म्हटलं, आप्पा, मला जिंकायचं होतं.

"माले नही," आप्पा म्हणाले. "तू जिंकती तर तो कोठे राहता? शेजारी? शाळेत? पोऱ्याच्या वर्गात? माझ्यात सापडला ते बरं झालं. नही सापडना ते कोठे धुंडू?"

 आतून ललित विचारत होता, काय आणलं, वास कसला येतोय. आप्पांनी पुड्यातला लोचो दोन ताटल्यांत काढला, चमच्याने, तोंड फिरवून, श्वास धरून. एक ताटली माझ्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं. दुसरी स्वतः घेऊन ते गॅलरीच्या पार टोकाला जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

"हारनी तू," पाठमोरेच म्हणाले. "आते जा, गरम गरम दे त्याले."